पाचव्या काहूनची म्हैस

...तर भोजराज एसटीच्या पायरीवर उलटा, पाठीकडून चढला, इथपर्यंत काल आपण आलो होतो. तेवढ्यात सूनबाईनं जेवायला हाक मारली आणि भोजराज पायरीवरच राहिला. आज काही मंडळी नव्यानं येऊन बसली आहेत. धडधाकट माणूस एसटीत पाठीकडून काहून चढतो, हे त्यांना कळायला पाहिजे. म्हणून भोजराजला जरा खाली उतरवतो. तो कुठं पळून जात नाही. त्याला कुठं जाताच येत नव्हतं, हीच तर त्याची गोष्ट आहे.

भोजराज म्हणजे आमच्या आंधळगावातल्या भैयाजींच्या राईस मिलचा चौकीदार. मिशी भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. जन्मात त्यानं एक गोष्ट कधी केली नाही. 'माहीत नाही' असं कोणाला म्हटलं नाही. एकदा जवाहरनगरच्या क्वार्टरमधले एक साहेब सहकुटुंब लग्नाला आले. मिलच्या गेटवर गाडी थांबवून त्यांनी विचारलं, "वऱ्हाड कुठं उतरलं?" गावात त्या दिवशी लग्न आहे की नाही, हेच भोजराजला माहीत नव्हतं. पण त्यानं हात उंच केला, साहेबांना डावीकडून नेलं, उजवीकडे वळवलं, पिंपळाला वळसा घालायला लावला. साहेब गेले ते शेजारगावच्या भलत्याच लग्नात. तिथं जेवले, आहेर केला, नवरीच्या मामानं त्यांना फेटा बांधला, फोटोत मधोमध उभं केलं. परत जाताना ते गेटवर थांबून भोजराजला लाडू देऊन गेले. तेव्हापासून भोजराजचं मत पक्कं झालं. "उत्तर द्या लागते गा. बरोबर हाये का नाई, थे पुढच्याचं काम."

आता मिलकडे वळू. भैयाजींची मुलगी मेघा पुण्यात शिकली, तिथल्या मोठ्या कंपनीत राहिली आणि मग बापाची मिल सुधारायला घरी आली. पोरगी गुणाची. तिचं म्हणणं असं, की नवं सुचणं हे नशिबावर सोडायचं नसते. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, जशी रीत असते, तशी सुचण्यालाही रीत असते. त्या रितीनं गेलं की कोणालाही सुचते.

भैयाजी म्हणाले, "माय, मी मिल चालवली तवा कोणालेच काई सुचत नव्हतं. म्हणून तं चालली."

पण लेकीपुढं कोणाचं चालते? तिनं आधी भिंतीवर सूचना-पेटी लावली. पहिल्याच आठवड्यात तिच्यात चिमणीनं घरटं केलं. मेघानं तीच पहिली सूचना म्हणून स्वीकारली. चिमणीला जिथं धोका वाटत नाही तिथं उंदीर-मांजर फिरकत नसणार, असा विचार करून तांदळाची पोती त्या भिंतीला लावायला सांगितली. पोती बरी राहिली. भैयाजींनी चिमणीचं कौतुक केलं, लेकीचं नाही.

मग आली काहूनची रीत. काही बिघडलं की एकदा 'काहून', म्हणजे 'का', विचारून थांबायचं नाही. जे उत्तर येईल त्याला पुन्हा काहून. असं पाच वेळा. पाचव्या काहूनला बिघाडाचं मूळ हाती लागते. म्हणे मोठमोठ्या कारखान्यांतून हेच चालते. असेल. पण त्या कारखान्यांत आमच्यासारखी माणसं नसतील.

कारण आपल्याकडे काम सुरू करणाऱ्याला आणि रस्त्याला लागलेल्याला टोकत नाहीत. 'कुठं चालला', 'काहून चालला' असं कोणी विचारलं, की गेलं काम! मग माणसानं घरी परतायचं, पाय धुवायचे, पाणी प्यायचं, घडीभर बसायचं आणि नव्यानं निघायचं. म्हाताऱ्यांपासून मोबाईलवाल्यांपर्यंत सगळे पाळतात. 'आम्ही मानत नाही' म्हणतात आणि पाणी पिऊन निघतात.

मेघा सकाळी मिलमध्ये आली. श्यामराव मिस्त्री मोटरच्या बटणाला हात लावणार, तेवढ्यात हिनं विचारलं, "श्यामकाका, हा पट्टा काहून सरकते?"

श्यामरावनं हात मागं घेतला. "टोकलं ना बाई!" म्हणाला, चपला घातल्या आणि घरी गेला. पाणी पिऊन आला. पुन्हा बटणाला हात लावला.

"घरी काहून गेले होते?" मेघानं विचारलं. हे तिचं दुसरं काहून.

श्यामराव पुन्हा घरी गेला. हमालानं पोतं पाठीवर घेतलं की त्याला काहून, त्यानं पोतं खाली ठेवलं की काहून. दुपारपर्यंत सगळी मिल आपापल्या घरी पाणी पीत होती. मोटर गार, भैयाजी गरम.

पण मेघा हार मानणारी नव्हती. तिनं सगळ्यांना नीमाखाली बसवलं आणि विचारलं, "असा कोण आहे, ज्याले विचारलं तं चालते?"

श्यामराव म्हणाला, "जो काई सुरू करत नाई आन् कुठं जात नाई, थो."

सगळ्यांनी एकदम गेटकडे पाहिलं. भोजराज खुर्चीत बसला होता. सकाळी बसला होता तसाच.

अशी भोजराजला बढती मिळाली. नीमाखाली त्याची खुर्ची मांडली, मागं पाटी लावली, 'उत्तर विभाग'. मिलमध्ये काही बिघडलं, की ज्यानं बिघडवलं त्याला विचारायचं नाही. भोजराजला विचारायचं. त्याला भरडाईतलं काही कळत नव्हतं, पण ती अट कुठं लिहिलेली नव्हती.

"भोजराजभाऊ, या खेपेले कनकी जास्त काहून पडली?" मेघानं विचारलं. कनकी म्हणजे तुटका तांदूळ. मिलवाल्याच्या घशातला काटा.

"धान जास्त वाळला," भोजराज म्हणाला.

"काहून?"

"अंगणातून उशिरा उचलला."

"काहून?"

"हमाल उशिरा आले."

"काहून?"

"थे अंबागडले गेले होते." इथं भोजराजला जरा घाम आला. इतक्या खोल कोणी त्याला कधी नेलं नव्हतं.

"काहून?"

आणि भोजराजच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या सासऱ्याची म्हैस हरपली होती. थे पाहाले."

अंबागडला वासुदेवराव म्हणून भोजराजचे सासरे. किल्ल्याच्या पायथ्याशी घर, थोडी शेती आणि एक म्हैस. भोजराज पहिल्या दिवाळीला जावई म्हणून गेला, तेव्हा तिनं त्याचा नवा दुपट्टा खाल्ला होता. पूर्ण नाही, अर्धा. बाकीचा अर्धा गळ्यात घेऊन तो परत आला होता. ती म्हैस त्याच्या डोक्यात कायमची बसली. ती कधी हरपली नव्हती. पण पाचव्या काहूनला माणसाच्या डोक्यात जे असते तेच बाहेर येते.

दुसऱ्या दिवशी पट्टा तुटला. पाचवं काहून: म्हैस. मग धान वर चढवणारा एलिव्हेटर अडकला. म्हैस. वजनकाटा चुकला, कोंडा ओला झाला, पाण्याची टाकी भरून वाहिली. म्हैस, म्हैस, म्हैस. मेघानं भिंतीवर मोठा कागद लावून सगळ्या बिघाडांचे बाण काढले. सारे बाण एकाच गोलात जाऊन मिळाले. त्या गोलात तिनं छान अक्षरात लिहिलं, 'वासुदेवराव यांची म्हैस'.

भैयाजी कितीतरी वेळ त्या कागदापुढं उभे राहिले. "इतकी वर्सं मिल चालवली," ते म्हणाले, "पण म्हशीकडे माझं ध्यानच गेलं नाई."

रीत म्हणते, मूळ सापडलं की त्याची जागेवर जाऊन पाहणी करायची. एका सकाळी मेघा, श्यामराव आणि टेप असे अंबागडला गेले. वासुदेवराव खाटेवर बसले होते. त्यांनी पाहुण्यांना चहा दिला. पाहुण्यांनी म्हशीची शिंगं मोजली, शेपटी मोजली, चारही बाजूंनी फोटो काढले आणि गोठ्याच्या दारावर एक लाल चिठ्ठी चिकटवली. 'मूळ कारण'.

"कायचं मूळ कारण?" वासुदेवरावांनी विचारलं.

"सगळ्याचंच," श्यामराव म्हणाला. त्यानं खोटं सांगितलं नाही. कागदावर तसंच होतं.

अंबागड काही मोठं गाव नाही. संध्याकाळपर्यंत घरोघरी झालं. लोक गोठ्यासमोरून जाताना हात जोडू लागले. "वासुदेवराव, आमचा पंखा बंद पडला गा, जरा म्हशीले सांगा." "वासुदेवराव, पोरगा नापास झाला, म्हशीनं असं कराले नव्हतं पायजे." वासुदेवराव साधा माणूस. कोणाच्या धानाच्या बांधीत त्यांची म्हैस कधी शिरली नव्हती. त्यांनी गोठ्याला पडदा लावला. म्हशीनं तो खाल्ला.

आता हे सगळं आलं भोजराजच्या बायकोच्या कानावर. चंद्रकांता नाव तिचं. बोलायला मोजकी, पण बोलली की वाक्य भिंतीला खिळा ठोकल्यासारखं बसायचं. भोजराज घरी आला तेव्हा तिची पिशवी दारात तयार होती.

"माझ्या बापाच्या म्हशीनं तुमचं काय बिघडवलं?"

भोजराजनं लगेच उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"सांगू नका!" चंद्रकांता म्हणाली. "तुमचं उत्तर आलं का आणखी एक जनावर अडकते."

आणि ती अंबागडला निघून गेली. हे दसऱ्याचं. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. "मंडईच्या आधी सोता न्यायले आले तं येईन. दुसरा माणूस धाडला तं त्याच्यावर म्हैस सोडीन."

दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, हे तुम्हाला सांगायला नको. दंडारीचा नाचगाण्याचा खेळ असतो, दुकानं लागतात, घराघरात पाहुणे. मंडईच्या दिवशी ज्या घरात घरधनीण नाही, त्या घराची गोष्ट पाहुणे आपापल्या गावी घेऊन जातात. भोजराजची झोप उडाली. लोकांनी ते ओळखलं, कारण तो खुर्चीत जागा दिसू लागला.

तो निघाला. नवा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी. बोअरिंगवर शकुंतलाबाई पाणी भरत होत्या. गावालाही एव्हाना सवय लागली होती. भोजराज दिसला की विचारायचं. त्यांच्या तोंडून गेलंच, "भोजराजभाऊ, काहून जी आज असे नटले?"

भोजराज परत घरी. पाय धुतले, पाणी प्यायला. पुन्हा निघाला. तलावाच्या पाळीवर एक जण म्हणाला, "भाऊ, बरे भेटले! आवंदा मासोळी बारीक काहून?" परत घरी. तिसऱ्यांदा तर गल्लीतल्या पोरांनी दारातच गाठलं, "आजा, आभाय निळं काहून?" भोजराजनं त्यांना उत्तर दिलं (शेवटी म्हैसच) आणि आत जाऊन पाणी प्यायला. रोज हेच. इतकं पाणी पिऊन तो माणूस तजेलदार दिसू लागला. पण बायको अंबागडलाच आणि मंडई जवळ आली.

मेघाला फार वाईट वाटलं. म्हणाली, "भोजराजभाऊ, रीतीनं अडकलं ते रीतीनंच सुटते." तिनं मिल बंद ठेवून सगळ्यांना नीमाखाली जमवलं. नियम सांगितला. मनात येईल ते बोलायचं, कोणी कोणाच्या विचाराला हसायचं नाही, सगळे विचार चिठ्ठ्यांवर लिहून पोत्यांना टाचायचे. एक म्हणाला, सगळ्या गावाला एका सकाळी दुसऱ्या गावी पाठवा. दुसरा म्हणाला, अंबागडच इकडं आणा. भैयाजी म्हणाले, खुर्चीसकट न्या, बसल्या माणसाला टोकणं लागत नाही. हसायचं नव्हतं, म्हणून कोणी हसलं नाही. नीमावरचे कावळे तेवढे ओरडले.

मग पोत्यात लपवून न्यायची युक्ती करून पाहिली. भोजराजला धानाच्या पोत्यात बसवलं, तोंडाशी सैल सुतळी बांधली, ट्रकवर चढवलं. ट्रक गावाबाहेर निघणार, तेवढ्यात वजनकाट्यावरचा माणूस म्हणाला, "हे पोतं काहून हालून रायलं?"

आता पोत्याला विचारलं म्हणजे आतल्याला टोकलं की नाही, यावर वाद होऊ शकला असता. पण पोत्यातूनच भारदस्त आवाज आला, "उंदीर हायेत!"

कोणाचा प्रश्न रिकामा ठेवणं त्याला जमायचंच नाही. त्याला उतरवलं, घरी पाठवलं, पाणी पाजलं.

मंडई दुसऱ्या दिवसावर आली. तेव्हा मेघाला तिच्या रितीतलं शेवटचं कलम आठवलं. काहीच जमत नसेल तर गोष्ट उलटी करून पाहा. "लोक जाणाऱ्याले टोकतात," ती म्हणाली. "येणाऱ्याले कोणी टोकते?"

"नाई. येणाऱ्याले 'या' म्हणतात," श्यामराव म्हणाला.

"मग भोजराजभाऊ जाऊन नाई राहिले. येऊन राहिले."

आणि असा भोजराज गावाकडे तोंड करून, पाठीकडून चालत, गावाबाहेर निघाला. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू! वाट दाखवायला श्यामराव बाजूनं. "डावीकडं शेण. आता चढ. बैल येऊन रायला, थांबा." श्यामरावाला कोणी टोकलं तरी चालत होतं, तो काही बायको आणायला निघाला नव्हता. गावातल्यांना भोजराजचं तोंड दिसायचं, म्हणजे हा आला. गावाबाहेरून येणाऱ्यांना त्याची पाठ दिसायची, म्हणजे हाही आपल्यासारखा गावातच चालला. शकुंतलाबाई म्हणाल्या, "या भाऊ, कवा आले?" तलावाच्या पाळीवरून आवाज आला, "आले का? बरं झालं." एकानंही टोकलं नाही.

एसटीचा कंडक्टर मात्र 'कुठं?' विचारल्याशिवाय तिकीट देत नाही. तोच खरा धोका. म्हणून भोजराज पाठीकडून पायरी चढत असतानाच श्यामराव खालून ओरडला, "दोन तुमसर!" कंडक्टरचं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. काल आपण इथंच थांबलो होतो. बघा, आलो की नाही जागेवर?

तुमसरला काही अडचण आली नाही. तिथला ऑटोवाला स्वतःच 'अंबागड, अंबागड' ओरडत होता. भोजराज त्यातही रस्त्याकडे पाठ करून बसला. अंबागडला उतरल्यावर श्यामराव म्हणाला, "आता सरळ चाला ना गा, इथं कोण टोकते?" भोजराज म्हणाला, "शेवटाले घात होते." आणि पाठीकडूनच सासऱ्याच्या अंगणात शिरला.

वासुदेवराव खाटेवर बसले होते. मान वर करून पाहतात तर अंगणात जावई. जावयाची पाठ घराकडे, तोंड रस्त्याकडे. वासुदेवरावांना वाटलं, आपला डोळा लागला, तेवढ्यात जावई येऊन गेले, आता रागानं चालले. म्हातारा धडपडत उठला.

"जवाईबापू! चहा न घेता कुठं निंघाले?"

श्यामराव सांगतो, अंगणातल्या कोंबड्यासुद्धा थांबल्या. सगळ्या वाटेनं जे टाळत आणलं, ते सासऱ्यानं दारात केलं! टोकलं म्हणजे आता आंधळगावला घरी जाणं आलं, पाणी पिणं आलं, पुन्हा निघणं आलं. आणि मंडई उद्यावर. भोजराज हळूहळू फिरला. दारात चंद्रकांता उभी होती. तिनं टोकलेलं ऐकलं होतं. तरी तिनं विचारलं.

"काहून आले?"

"तुले न्यायले."

"काहून?"

"उद्या मंडई हाये. पाहुणे येतीन."

"काहून, चहा नाई करता येत तुमाले?"

"येते. पण घरात कोणी काई विचारत नाई."

"काहून नाई विचारत? अख्खं गाव तं तुमालेच विचारते."

"गाव 'काहून' विचारते," भोजराज म्हणाला. "जेवले का, थे तू विचारत होती."

श्यामरावाला वाटलं, झालं, जमलं. पण चंद्रकांता त्या अंगणात वाढलेली बाई होती. तिनं गोठ्याकडे पाहिलं. दारावरच्या लाल चिठ्ठीचा अर्धा तुकडा तिथं अजून होता. बाकीचा म्हशीनं खाल्ला होता.

"मंग माझ्या बापाच्या म्हशीचं नाव काहून घेतलं?"

हे पाचवं. वासुदेवराव खाटेच्या कडेला आले. म्हशीनं रवंथ थांबवला, असं श्यामराव शपथेवर सांगतो. आणि भोजराज, ज्यानं जवाहरनगरच्या साहेबांना भलत्या लग्नात जेवू घातलं, ज्यानं पोत्यातूनही उत्तर दिलं, तो तोंड उघडून नुसता उभा राहिला. मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून म्हशीपुढं ठेवला आणि बोलला. श्यामरावानं ते मला शब्द न् शब्द सांगितलं, तसंच सांगतो:

"मले माहीत नाई. माहीत नाई म्हणाची लाज वाटे, आन् पाचव्या काहूनले मले दरखेपी तुह्या माहेराचाच रस्ता दिसे. आता पाणी आन. टोकल्या माणसानं घरी जाऊन पाणी प्या लागते, आन् घर तं तू अठीच आणून ठेवलं हाये. पयले म्हशीले दे, मंग मले."